सर्व्हरवरचा भार नेमका कोणाचा?

सर्व्हर मंदावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जास्त कोण खातंय?" मग कोणीतरी लॉगिन करते, टॉप ही चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारी कमांड चालवते, यादीत सर्वात वर दिसणाऱ्या नावाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते, आणि थोड्याच वेळात ती प्रोसेस रीस्टार्ट झालेली असते. कधीकधी त्याने खरोखरच फरक पडतो. पण सर्व्हर सांभाळण्याचे काम करताना माझे असे मत बनत गेले आहे की, समोरचा आकडा कशाचा आहे आणि किती वेळातला आहे हे ठाऊक नसेल, तर यादीत पहिले कोण या माहितीचा उपयोग फार थोडा असतो. या लेखात लिनक्स सर्व्हरवर प्रोसेसर आणि मेमरी सर्वाधिक वापरणाऱ्या प्रोसेस कशा ओळखाव्यात, आणि ओळखताना कोठे फसायला होते, एवढेच लिहिणार आहे.

टॉप तशी जुनी कमांड आहे. विल्यम लफेव्हर यांनी ती १९८४ मध्ये बीएसडी युनिक्ससाठी लिहिली. व्हीएमएस या प्रणालीत जास्त प्रोसेसर वापरणाऱ्या प्रोसेस दाखवणारी जी सोय होती, तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांचे एचटॉप २००४ मधले, आणि २०२० पासून ते एका गटाकडे आहे. त्यात रंग आहेत, माउस चालतो, प्रोसेसचे झाड दिसते, त्यामुळे रोजच्या वापराला मलाही तेच आवडते. मात्र ही सगळी साधने एकाच विहिरीचे पाणी काढतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'प्रॉक' नावाच्या आभासी डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसची नोंद ठेवतो आणि साधने ती वाचून आपापल्या पद्धतीने मांडतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचे बरेच कोडे सुटते. कर्नल कोणत्याही प्रोसेससाठी टक्केवारी ठेवत नाही. तो फक्त दोन मोजण्या ठेवतो: त्या प्रोसेसने स्वतःच्या कोडमध्ये घालवलेला प्रोसेसरचा वेळ आणि तिच्यासाठी कर्नलने घालवलेला वेळ. दोन्ही मोजण्या प्रोसेस जन्मल्यापासून वाढत जातात आणि साधारणपणे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजल्या जातात. पडद्यावर दिसणारे टक्के साधन स्वतः तयार करते, आणि ते करताना कोणत्या कालावधीने भागायचे हे प्रत्येक साधन आपापले ठरवते.

टॉप दोन फेऱ्यांमधील फरक घेते. मूळ मांडणीत दोन फेऱ्यांमध्ये तीन सेकंदांचे अंतर असते, म्हणजे दिसणारा आकडा गेल्या तीन सेकंदांतला असतो. पीएस ही प्रोसेसची यादी देणारी दुसरी कमांड मात्र प्रोसेसने आजवर वापरलेल्या एकूण वेळेला ती सुरू झाल्यापासूनच्या एकूण काळाने भागते. समजा एखादी प्रोसेस ३० दिवसांपूर्वी सुरू झाली, बहुतेक काळ शांत बसली आणि गेली १० मिनिटे एक कोअर, म्हणजे प्रोसेसरचा एक स्वतंत्र भाग, पूर्ण खात आहे. ३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटे. त्यांतली १० मिनिटे म्हणजे ०.०२ टक्के. पीएसच्या यादीत ही प्रोसेस ०.० दाखवत तळाशी पडलेली असेल. याउलट २० सेकंदांपूर्वी सुरू झालेली आणि त्यांतले १५ सेकंद काम केलेली एखादी साधी स्क्रिप्ट ७५ टक्के दाखवत यादीच्या डोक्यावर बसेल. पीएसला प्रोसेसरच्या क्रमाने यादी लावायला सांगणारी ओळ इंटरनेटवरच्या असंख्य लेखांत सापडते आणि अनेक ठिकाणी तीच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत, घालून तिचे निकाल मेलने पाठवले जातात. तो मेल पाहून निर्णय घेणाऱ्याला आपण महिन्याची सरासरी पाहत आहोत याची कल्पनाही नसते. पीएसचे मॅन्युअल मात्र ही व्याख्या स्पष्ट सांगते आणि वर, नशीब असल्याशिवाय या आकड्यांची बेरीज शंभर होणार नाही, असेही बजावते.

टॉपचा आकडा ताजा असतो खरा, पण तिच्याही पहिल्या फेऱ्यावर विसंबू नये, कारण फरक काढण्यासाठी लागणारी मागची नोंद त्या वेळी एक तर नसते किंवा अगदी क्षणभराची असते. स्क्रिप्टमधून टॉप बॅच पद्धतीने चालवायची असेल, तर दोन फेरे घ्यावेत, त्यांत पाच सेकंदांचे अंतर ठेवावे आणि फक्त दुसरा फेरा जपून ठेवावा. त्याच वेळी पूर्ण कमांड दाखवण्याचा आणि ओळीची रुंदी ५१२ पर्यंत वाढवण्याचा पर्याय द्यावा. कर्नल प्रोसेसचे जे छोटे नाव ठेवतो ते १५ अक्षरांपुरतेच असते आणि 'जावा' किंवा 'पायथन३' एवढ्याच नावाच्या आठ ओळी पाहून कोणाचेच समाधान होत नाही. प्रत्यक्ष पडद्यावर पाहताना छोटा सी दाबला की हेच होते. कॅपिटल पी प्रोसेसरनुसार क्रम लावतो, कॅपिटल एम मेमरीनुसार, आणि १ दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. शेवटची कळ मला सर्वात उपयोगी वाटते. सोळा कोअरच्या सर्व्हरवर एकूण वापर सहा टक्के दिसतो आणि तरी ॲप्लिकेशन रांगते, तेव्हा बहुधा एकच कोअर शंभर टक्क्यांवर असतो आणि एकच थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधील कामाचा एक धागा, तो धरून बसलेला असतो.

४०० टक्के पाहून घाबरणारेही भेटतात. टॉप मूळ मांडणीत एका कोअरला १०० धरते, म्हणून चार कोअर वापरणारी प्रोसेस ४०० दाखवते. कॅपिटल आय दाबला की तोच आकडा एकूण कोअरनी भागून मिळतो. पहिल्या पद्धतीला आयरिक्स आणि दुसरीला सोलारिस असे नाव आहे. आयरिक्स ही सिलिकॉन ग्राफिक्सची युनिक्स प्रणाली बंद पडून कितीतरी वर्षे झाली, पण तिचे नाव या कळीत अजून जिवंत आहे.

जावाच्या बाबतीत प्रोसेसपाशी थांबून भागत नाही, थ्रेडपर्यंत उतरावे लागते. टॉपमध्ये कॅपिटल एच दाबला की थ्रेड स्वतंत्र ओळींत दिसतात. त्यांतला जास्त खाणारा थ्रेड समजा ४३२१ क्रमांकाचा असेल, तर तो आकडा सोळा-आधारी पद्धतीत १०ई१ होतो. जेस्टॅक हे जावाचे थ्रेड दाखवणारे साधन चालवून मिळणाऱ्या यादीत बऱ्याच आवृत्त्यांमध्ये थ्रेडचा मूळ क्रमांक या रूपात असतो. तो शोधला की त्या थ्रेडचे नाव आणि तो या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते समोर येते. नावात जीसी (नको असलेली मेमरी साफ करणारी जावाची यंत्रणा) असेल, तर प्रश्न प्रोसेसरचा वाटत असला तरी मुळात मेमरीचा आहे असे समजावे: हीप, म्हणजे जावाला कामासाठी दिलेली मेमरी, भरत आली आहे आणि जावा सारा वेळ साफसफाईत घालवत आहे. जेस्टॅक एकदाच घेऊ नये. काही सेकंदांच्या अंतराने तीनचारदा घ्यावा, म्हणजे थ्रेड खरोखर त्याच ठिकाणी अडकला आहे की योगायोगाने तेथे दिसला, हे कळते.

आता लोड ॲव्हरेजकडे, म्हणजे चालू असलेल्या किंवा वाट पाहणाऱ्या प्रोसेसच्या सरासरी संख्येकडे वळू, कारण सर्वाधिक गैरसमज याच आकड्याविषयी आहेत. अपटाइम किंवा टॉपच्या पहिल्या ओळीत दिसणारे तीन आकडे एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे असतात. ही कल्पना १९७० च्या दशकातल्या टेनेक्स या प्रणालीपर्यंत मागे जाते. बहुतेक युनिक्सवर हा आकडा प्रोसेसरसाठी तयार असलेल्या प्रोसेसपुरता असतो. लिनक्समध्ये तसे नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये मथायस उर्लिक्स यांनी एक छोटा बदल सुचवला आणि तेव्हापासून डिस्कसारख्या गोष्टीची वाट पाहत अखंड झोपेत गेलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते: वेगवान स्वॅप डिस्कच्या (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कच्या) जागी मंद डिस्क लावली तर प्रोसेस वाट पाहत बसतात आणि लोड वाढण्याऐवजी कमी दिसतो, हे विचित्र आहे. कार्यक्षमता-तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुने ईमेल संग्रह उपसून हा इतिहास शोधून काढला, तोपर्यंत हे असे का आहे याचे नेमके उत्तर फारसे कोणाकडे नव्हते.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की लोड जास्त म्हणजे प्रोसेसर व्यस्त असे लिनक्सवर म्हणता येत नाही. आठ कोअरच्या सर्व्हरवर लोड साठच्या पुढे गेलेला आणि प्रोसेसर नव्वद टक्के रिकामा, हे दृश्य एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या फाइली, वापरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. पलीकडचा फाइल सर्व्हर बंद पडलेला असतो, पण माउंट, म्हणजे त्या फाइलींची आपल्याकडची जोडणी, हट्टाने वाट पाहत राहते. डिस्कची जागा तपासण्यासाठी दर पाच मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट डीएफ कमांड सुरू करते, ती डीएफ त्या माउंटपाशी अडकते, पाच मिनिटांनी दुसरी येऊन अडकते, आणि प्रत्येक अडकलेल्या डीएफमागे लोड एकने चढत जातो. म्हणजे तास उलटला की बाराने. येथे लोड वाढवणारी गोष्ट देखरेखीची स्क्रिप्टच आहे आणि प्रोसेसरच्या क्रमाने लावलेल्या यादीत तिचे नाव कधीच वर येणार नाही, कारण ती प्रोसेसर वापरतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार.

अशा वेळी पीएसच्या स्थितीच्या रकान्यात कॅपिटल डी असलेल्या प्रोसेस वेगळ्या काढाव्यात आणि सोबत 'डब्ल्यूचॅन' हा रकाना मागवावा. कर्नलमधील कोणत्या फंक्शनपाशी प्रोसेस थांबली आहे ते त्यात येते आणि नावात एनएफएस किंवा एखाद्या फाइलसिस्टिमचे आद्याक्षर दिसले की पुढची दिशा मिळते. या प्रोसेस साध्या किलला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे लागण्यापेक्षा ज्याची वाट पाहिली जात आहे ते दुरुस्त करावे.

व्हर्च्युअल सर्व्हरवर टॉपच्या वरच्या ओळीतला 'एसटी' हा आकडाही पाहावा. आपल्या मशीनला प्रोसेसर हवा होता, पण हायपरव्हायझरने, म्हणजे अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीने, तो दुसऱ्याला दिला, असा तो वेळ. हा आकडा सतत दोन अंकी असेल, तर आपल्या यादीत दोषी शोधण्यात अर्थ नाही. मशीनचा प्रकार बदलावा किंवा ज्याच्याकडून ते घेतले आहे त्याच्याशी बोलावे.

याहून चकवणारी स्थिती म्हणजे एकूण वापर साठ टक्के आणि यादीत एकही प्रोसेस दोन टक्क्यांच्या वर नाही. येथे अनेक अल्पायुषी प्रोसेस जन्मून, काम करून, टॉपच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या तीन सेकंदांतच संपत असतात. एखादी शेल स्क्रिप्ट मोठ्या फाइलच्या प्रत्येक ओळीसाठी ग्रेप, ऑक आणि कट या छोट्या कमांड वेगवेगळ्या सुरू करत असली की नेमके हेच होते. खात्री करण्याची एक साधी युक्ती आहे. प्रॉकमधील 'स्टॅट' या फाइलमध्ये 'प्रोसेसेस' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते आणि सर्व्हर सुरू झाल्यापासून एकूण किती प्रोसेस आणि थ्रेड जन्मले ते ती सांगते. दहा सेकंदांच्या अंतराने ती दोनदा वाचावी. फरक हजारांत असेल तर उत्तर मिळाले. नावे हवी असतील, तर ईबीपीएफ या कर्नलमधील निरीक्षणाच्या सोयीवर आधारलेले एक्झेकस्नूप प्रत्येक नवी प्रोसेस पूर्ण कमांडसह छापते, किंवा एटॉप वापरावे, जे कर्नलच्या प्रोसेस अकाउंटिंगमधून संपलेल्या प्रोसेसही वाचते आणि त्यांची नावे कोनी कंसांत दाखवते.

मेमरीचे प्रकरण प्रोसेसरपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण प्रोसेसरचा एक क्षण एका वेळी एकाच प्रोसेसचा असतो, पण मेमरीचे एक पान, म्हणजे तिचा ठरावीक आकाराचा तुकडा, अनेकांचे असू शकते.

टॉपमध्ये तीन रकाने असतात. पहिला 'व्हर्ट', म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेला पत्त्यांचा एकूण विस्तार. त्यातले बरेच कधी वापरलेही जात नाही, म्हणून हा आकडा मी पाहत नाही. दुसरा 'रेस', म्हणजे रॅममध्ये प्रत्यक्ष असलेली पाने. तिसरा 'एसएचआर', म्हणजे त्यांपैकी इतरांशी सामायिक असू शकणारी. 'रेस'मधून 'एसएचआर' वजा केले की प्रोसेसच्या खासगी वापराचा ढोबळ अंदाज येतो. मेमरीच्या टक्क्यांचा रकाना मात्र पूर्ण 'रेस'वर बेतलेला असतो, आणि घोटाळा तेथेच होतो.

पोस्टग्रेएसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हे सर्वात स्पष्ट दिसते. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करते आणि त्या सर्व मिळून एकच सामायिक बफर वापरतात. १६ जीबीच्या सर्व्हरवर समजा हा बफर ४ जीबीचा ठेवला आहे आणि ५० कनेक्शन आहेत. प्रत्येक प्रोसेस काम करता करता बफरमधील जितक्या पानांना स्पर्श करते, तितकी पाने तिच्या 'रेस'मध्ये जमा होतात. काही तासांनी प्रत्येकीने ३ जीबी एवढी पाने पाहिलेली असतील, तर टॉपमध्ये ५० ओळी प्रत्येकी १९ टक्के दाखवतील आणि बेरीज केली तर १५० जीबी भरेल. १६ जीबीच्या मशीनवर १५० जीबी कसे, हा प्रश्न पडायलाच हवा, पण अनेकदा पडत नाही. उलट "पोस्टग्रेसची मेमरी गळते आहे" असा निष्कर्ष निघतो आणि कनेक्शन तोडण्याची स्क्रिप्ट लिहिली जाते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रोसेसची खासगी मेमरी २० एमबी धरली, तर पन्नास जणींची मिळून १ जीबी आणि बफर ४ जीबी, असा एकूण हिशेब ५ जीबींचा आहे. यात गंमत अशी की, हाच बफर ह्यूज पेजेसवर, म्हणजे मोठ्या आकाराच्या पानांवर, नेला तर ती पाने 'रेस'मध्ये धरली जात नाहीत आणि काहीही न वाचवता आकडे एकदम खाली येतात.

यावर उत्तर म्हणून 'पीएसएस' हे माप आहे. सामायिक पान जितक्या प्रोसेसमध्ये वाटलेले असेल तितक्यांनी भागून प्रत्येकीच्या वाट्याला लावायचे, म्हणजे बेरीज खरी येते. लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीपासून कर्नल हे माप देतो आणि एसमेम हे साधन त्यानुसार यादी लावून देते. त्यासाठी प्रॉकमधील 'एसमॅप्स' वाचावे लागते, आणि मोठ्या प्रोसेसच्या बाबतीत ते वाचणे स्वस्त नाही, ४.१४ पासून 'एसमॅप्स रोलअप' ही संक्षिप्त फाइल आली, ती वापरावी. तरीही हे दर मिनिटाला सर्व प्रोसेससाठी वाचत बसू नये. शंका आली की एकदा वाचावे.

मेमरीचा एकूण हिशेब दाखवणाऱ्या फ्री या कमांडविषयी थोडक्यात. त्यातला 'फ्री' हा रकाना सोडून 'अव्हेलेबल' पाहावा. हा अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतः देतो आणि फाइलींच्या कॅशेमधून गरज पडताच परत मिळू शकणारी मेमरी त्यात धरलेली असते. 'फ्री' कमी दिसते म्हणून दर तासाला कॅशे रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये घालण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि दिसेल तेथे ती काढून टाकावी असे माझे ठाम मत आहे, कारण त्यानंतर त्याच फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतात. 'अव्हेलेबल' खरोखर कमी आहे पण प्रोसेसची बेरीज जमत नाही, असेही होते. तेव्हा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच असलेल्या फाइलसिस्टिमवर, कोणी मोठ्या फाइली टाकल्या आहेत का आणि कर्नलच्या स्वतःच्या वापरासाठीच्या स्लॅबमध्ये किती गेले आहे ते पाहावे. ती मेमरी कोणत्याच प्रोसेसच्या नावावर नसते.

मेमरी गळते आहे असे म्हणण्यासाठी एका वेळचा आकडा पुरत नाही, काही दिवसांचा कल लागतो. जावाला ८ जीबीची हीप दिली असेल तर ती हळूहळू तिथवर जाणारच. तो दोष नाही. पूर्ण साफसफाईनंतर हीपमध्ये उरणारा आकडा दिवसागणिक वाढत असेल, तर मात्र गळती आहे. पीएचपीचे प्रोग्राम चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये ठरावीक विनंत्यांनंतर वर्कर बदलण्याची सोय आहे आणि छोट्या गळतीवर ती पुरेशी असते, त्यामुळे मी तेथे शोधाशोध करत बसत नाही.

मेमरी खरोखर संपली की कर्नलचा ओओएम किलर एक प्रोसेस मारतो. निवड करताना तो मुख्यतः कोणाकडे सर्वाधिक मेमरी आहे ते पाहतो, म्हणून डेटाबेसच्या सर्व्हरवर बळी बहुधा डेटाबेसच असतो, जरी मेमरी फुगवली असेल एखाद्या रिपोर्टच्या स्क्रिप्टने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसे. डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसचा 'ओओएम स्कोअर ॲडजस्ट' उणे १००० केला की ती या निवडीतून बाहेर राहते, आणि पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येही हा मार्ग दिलेला आहे. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्या वेळी कर्नल लॉगमध्ये उमटणारे कोष्टक. त्या क्षणी जिवंत असलेल्या प्रोसेसची मेमरी त्यात ओळीने दिलेली असते, म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा कर्नलने स्वतःच करून ठेवलेला असतो. वाचताना एक काळजी घ्यावी. या कोष्टकातील आरएसएसचा (टॉपमधल्या 'रेस'चा) आकडा केबीमध्ये नसतो, पानांमध्ये असतो, आणि नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पान ४ केबीचे असते. ८,१२,३४५ असा आकडा पाहून कोणी "८०० एमबीच तर आहे" म्हणून पुढे जातो, प्रत्यक्षात ती ३ जीबीहून अधिक असते. त्याखालच्या "किल्ड प्रोसेस" या ओळीत मात्र आकडे केबीमध्येच असतात, त्यामुळे एकाच लॉगमध्ये दोन मापे शेजारी नांदतात.

आतापर्यंतचे सगळे सर्व्हर मंद असताना तुम्ही तेथे हजर आहात हे गृहीत धरून झाले. प्रत्यक्षात तक्रार येते तेव्हा बहुधा सर्व सुरळीत झालेले असते: "सकाळी अकराला दहा मिनिटे काहीच उघडत नव्हते." त्या वेळी कोण काय करत होते हे सांगणारी प्रोसेसनिहाय नोंद आधीपासून घेतलेली नसेल, तर नंतर कितीही हुशारी उपयोगी पडत नाही. सार हे नियमित नोंद ठेवणारे साधन उत्तम आहे, पण ते पूर्ण सर्व्हरचे आकडे ठेवते, प्रोसेसचे नाही. त्याच पॅकेजमधील पिडस्टॅट प्रोसेसचे आकडे देते, पण ते आपण चालवू तेव्हाच. शिवाय सारची नेहमीची नोंद १० मिनिटांची सरासरी असते आणि ४० सेकंद पूर्ण भरलेला प्रोसेसर त्या सरासरीत जेमतेम सात टक्क्यांची भर घालतो. आलेखावर अशी घटना दिसतच नाही.

म्हणून ज्या सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे येते त्यावर मी सर्वात आधी एटॉप बसवतो. नेदरलँड्सच्या गेरलोफ लांगेवेल्ड यांचे हे साधन पार्श्वभूमीवर राहून सर्व प्रोसेसची स्थिती फाइलमध्ये साठवते. नंतर ती फाइल उघडून छोट्या टीने पुढे आणि कॅपिटल टीने मागे सरकता येते, बी दाबून हव्या त्या वेळेवर जाता येते, जणू टॉप त्या वेळी चालू होते. मूळ अंतर ६०० सेकंदांचे असते. ते ६० करावे. फाइली त्या प्रमाणात मोठ्या होतात, म्हणून लॉगच्या डिस्कवर जागा आहे ना हे पाहून घ्यावे. आणि वेळ पाहताना घड्याळ तपासावे: क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतात, त्यामुळे सकाळी ११ च्या तक्रारीसाठी नोंद ५:३० ची उघडावी लागते. मध्यरात्री चालावे म्हणून क्रॉनमध्ये टाकलेला बॅकअप आपल्या पहाटे साडेपाचला का चालतो, याचेही उत्तर हेच आहे.

प्रोमिथियस ही देखरेखीची प्रणाली वापरणाऱ्यांनी, तिला सर्व्हरचे आकडे पुरवणारा नोड एक्स्पोर्टर प्रोसेसनिहाय आकडे देत नाही हे ध्यानात ठेवावे. त्यासाठी वेगळा एक्स्पोर्टर लावता येतो, पण प्रोसेस क्रमांकाला लेबल बनवू नये. प्रत्येक नव्या क्रमांकागणिक नवी मालिका तयार होते आणि देखरेखीचाच सर्व्हर मेमरी खाऊ लागतो. सेवेच्या नावाने गट करावेत. सेवा सुरू-बंद करणारे सिस्टिमडी प्रत्येक सेवेला स्वतंत्र सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलमधील प्रोसेसच्या गटात, ठेवत असल्याने सिस्टिमडी-सीजीटॉप हे गट आयतेच दाखवते. त्यातल्या मेमरीत फाइलींची कॅशेही धरलेली असते, एवढे मात्र विसरू नये.

इशारे कशावर लावावेत, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. प्रोसेसर ९० टक्क्यांवर गेला की फोन वाजवणारा इशारा मी ठेवत नाही. रात्रीच्या हिशेबाच्या कामाने सगळे कोअर पूर्ण वापरले तर उत्तमच. त्यासाठीच तर मशीन घेतले आहे. त्याऐवजी वापरकर्त्याला मिळणारा प्रतिसादाचा वेळ आणि पीएसआय, या दोन्हींवर इशारा ठेवावा. पीएसआय हे माप फेसबुकमधील योहानेस वाइनर यांच्या कामातून लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये आले. प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क न मिळाल्यामुळे कामे किती टक्के वेळ खोळंबली, हे ते दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटांच्या सरासरीत सांगते. लोड ॲव्हरेज जे सांगते असे लोकांना वाटते, ते खरे तर हे माप सांगते. काही वितरणांत ते बूट करताना मुद्दाम चालू करावे लागते.

खरा दोषी सापडला आणि तो लगेच दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर सेवेच्या सिस्टिमडी फाइलमध्ये मर्यादा घालता येतात. 'मेमरी-हाय' ओलांडली की सेवा मंदावते आणि 'मेमरी-मॅक्स' ओलांडली की तिच्यातलीच प्रोसेस मारली जाते; म्हणजे रिपोर्टच्या स्क्रिप्टची शिक्षा डेटाबेसला होत नाही. मी दोन्ही लावतो आणि पहिली दुसरीपेक्षा बरीच खाली ठेवतो.

एक शेवटची बाब, जी नोंदी सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात हमखास समोर येते. पूर्ण कमांड साठवू लागलो की कोणीतरी पासवर्ड थेट कमांडच्या ओळीत लिहिल्याचे उघड होते, आणि आता तो आपल्या लॉगमध्येही उतरलेला असतो. त्या फाइली फक्त रूटला वाचता येतील अशा ठेवाव्यात, त्या दुसऱ्या सर्व्हरवर पाठवल्या जात असतील तर तेथेही तेच करावे, आणि तो पासवर्ड बदलून कॉन्फिग फाइलमध्ये हलवण्यास संबंधितांना सांगावे.